सुम्बा बेटावर जागा घ्यायचीय? आधी एवढं करा

इंडोनेशियातल्या सुम्बाचा किनारा बघून जीव रमणारच, पण लगेच जमीन घेऊ नका. आधी भर पावसाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, गावात भाड्याने राहून बघा, रस्ता-पाणी-रेंजचं खरं काय ते तेव्हाच कळतं.

इंडोनेशियात परदेशी माणसाला 'हाक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी मिळतच नाही, त्यामुळे लोकल माणसाच्या नावावर घेऊ असं कुणी कितीही गोड बोललं तरी सरळ नाही म्हणा, नवीन लोक इथेच फसतात. लीज बघा, सर्टिफिकेट सरकारी जमीन ऑफिसात तपासा आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटाच, बरीच जमीन घराण्याची सामायिक असते. भरतीरेषेपासून १०० मीटर सोडूनच बांधकामाचा विचार.

- कॅश तांबोलाका किंवा वाइंगापू या बेटावरच्या मोठ्या गावांतूनच काढून न्या
- मलेरियाबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला

कंपनी, टॅक्स वगैरे नंतर बघू, बिनधास्त विचारा.