ब्लॅक घोस्ट दिवसभर पडून का राहतो?

आपण भुसावळहून विचारले आहे की, नवा ब्लॅक घोस्ट मासा दिवसभर नळीत एका कुशीवर पडून राहतो, तो आजारी आहे का, आणि सोबतीला दुसरा आणावा का. दिवा मालवल्यावर तो खातो असे आपण लिहिता, तेव्हा काळजी नसावी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा निशाचर मासा असाच विसावतो.

अंधारात त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. शेपटीतल्या, मज्जातंतूंपासून घडलेल्या इंद्रियातून सेकंदाला सुमारे १००० वेळा क्षीण विद्युत्स्पंदने जन्मभर निघत राहतात आणि अंगाभोवती विजेचे क्षेत्र उभे राहते. दगड, मुळी किंवा किडा जवळ आला की त्या क्षेत्रात होणारा किंचित बदल कातडीवरची हजारो संवेदनेंद्रिये टिपतात. हाताला मात्र झटका मुळीच बसत नाही. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी १९५१ साली आफ्रिकेतील जिम्नार्कस माशाची अशीच अखंड स्पंदने नोंदवली. आपल्या तापीतला चालट मासा दिसायला ब्लॅक घोस्टसारखा असला, तरी त्याच्याकडे हे इंद्रिय नाही.

माझ्या टाकीत मी चिमट्यात ब्लडवर्म धरून त्याच्या शेपटीजवळ नेतो. मासा वळून पाहत नाही. पोटाखालच्या सलग पराची लाट उलटी फिरते, अंग ताठ ठेवून तो मागे सरकतो आणि किडा तोंडाशी येताच गिळतो. अनेक वर्षे पाहूनही मी दर वेळी तितक्याच कौतुकाने पाहतो.

दुसरा घोस्ट आणू नये. दोघांची कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या स्पंदनांची संख्या, जवळपास सारखी असली की एकाच्या स्पंदनांनी दुसऱ्याची जाणीव बिघडते. याच वर्गातल्या आयगेनमानिया माशात ही अडचण आली की दोघे आपापली कंपनसंख्या एकमेकांपासून दूर नेतात, असे वातानाबे व ताकेदा यांनी १९६३ मध्ये दाखवले. नदीत दूर निघून जाता येते. टाकीत येत नाही, आणि मग मारामारी होते. शिवाय हा मासा ५० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे आपली टाकी एकालाच अपुरी पडेल.

औषध घालताना फार जपावे. तांब्याची औषधे याला सोसत नाहीत. त्याहून मोठी काळजी आपल्याकडच्या उन्हाळ्याची आहे. याला २४ ते २८ अंश पाणी मानवते, आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवावी, दुपारी झाकण उघडून वर जाळी टाकावी, पंख्याचा वारा थेट पाण्यावर सोडावा, आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा हवापंप एप्रिलच्या आतच आणून ठेवावा.