फ्रेशला मराठीत काय म्हणायचं? आधी त्याचा उलटा शब्द सांगा

तुम्ही विचारलंय की ‘फ्रेश’ या इंग्रजी शब्दाला मराठीत कोणकोणते शब्द आहेत, रोजच्या बोलण्यात कुठे कुठला चालतो आणि सगळीकडे नुसतं ‘ताजं’ लिहून भागेल का.

नाही भागणार. हे मी पदरचे पैसे घालून शिकलेय. बडोद्यात घरबसल्या भाषांतराची कामं करते, पाकिटांवरचा मजकूर, हॉटेलांची मेनूकार्डं, असलंच किरकोळ. एका कार्डावर ‘फ्रेशवॉटर फिश’ होतं. रात्री साडेअकराला डोळे मिटत असताना मी लिहून टाकलं, ‘ताज्या पाण्यातील मासे’. छापूनही आलं. मालक मराठीच होते. त्यांचा फोन आला, “ताई, तळ्यातलं पाणी आपण रोज बदलतो का?” नवी कार्डं माझ्या खर्चाने निघाली. हवं होतं ‘गोड्या पाण्यातले मासे’, आणि हा शब्द मला शाळेपासून येत होता.

नंतर चरफडत इंग्रजी कोश उघडला, तर या शब्दाचा जन्मच पाण्यातला निघाला. जुन्या इंग्रजीत ‘फेर्श’ म्हणजे खारं नसलेलं पाणी. आजचे बरेचसे अर्थ पुढे फ्रेंचच्या संगतीने आले. म्हणजे ‘गोडं पाणी’ हा फ्रेशचा कुठलातरी कोपऱ्यातला अर्थ नाही, तोच मूळचा.

तेव्हापासून माझी एकच युक्ती आहे. फ्रेश दिसला की आधी विचारायचं, म्हणजे काय नसलेलं? इंग्रजी माणूस एकाच शब्दात भागवतो, मराठी मात्र त्या वस्तूचं अजून काय व्हायचं राहिलंय ते पाहून शब्द बदलते. पोळी शिळी झाली नाही तर ताजी. फूल कोमेजलं नाही तर टवटवीत. साडीला पाणी लागलं नाही तर कोरी, आणि नोटेला घडी पडली नाही तर करकरीत. (कोरा चहा म्हणजे मात्र बिनदुधाचा. तिथेही ‘नाही’ आहेच, फक्त नाही ते वेगळं.) दूध तापवलं नसेल तर निरसं, आणि आत्ताच काढलेलं, अजून कोमट असलेलं, ते धारोष्ण. आमच्या सासूबाई पंचामृताला निरसंच दूध हवं म्हणून पिशवी आणवतात. पाश्चराइझ करताना ते दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापून आलेलं असतं हे मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझ्या घरात तर नाही ना तापलं?” या उत्तरावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि शब्दही त्यांचाच टिकणार आहे.

सगळ्यात मजेचा शब्द ‘ओलं’. वाळलं नाही ते ओलं: ओला नारळ, ओले काजू, ओली हळद. बडोद्यात इथे एक जास्तीची मेख आहे. गुजरातीत ‘लीलुं’ म्हणजे हिरवंही आणि ओलंही. थंडीत खंडेराव मार्केटला गेलात तर ‘लीली हळदर’चे ढीग दिसतील. आमच्या इथल्या मराठी घरांत त्याचं सरळ ‘हिरवी हळद’ होऊन बसलंय. धाकटी जाऊ पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सासूबाईंनी तिला हिरवी हळद आणायला पाठवलं, आणि ती तासाभराने रिकामी पिशवी घेऊन परत आली. “सगळीकडे पिवळीच आहे हो.” दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. भाजीवालीने मातीने माखलेलं एक हळकुंड कट्कन मोडून तिच्या हातावर ठेवलं. आतून गाजरासारखं केशरी. शेजारचं दुसरं मोडलं, ते फिकट, कैरीच्या वासाचं, म्हणजे आंबेहळद. जावेच्या नखांचा पिवळा रंग चार दिवस गेला नाही. तेव्हा कुठे तिला कळलं की ही तर आपली ओली हळद. पुण्याकडे ज्याला ओला दुष्काळ म्हणतात, तोही इथे ‘लीलो दुकाळ’ होतो. तो ऐकून तिने नुसता कपाळाला हात लावला.

आणि हा ओलेपणा फक्त भाजीबाजारातला नाही. फ्रेस्को हा इटालियन शब्द, अर्थ ताजं, पण ताजं काय तर भिंतीवरचा चुन्याचा गिलावा. तो ओला असतानाच रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग भिंतीतच धरून ठेवतो. गिलावा वाळल्यावर रंगवलं तर ते चित्र असेल, खरा फ्रेस्को नव्हे. फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थिनीसाठी मजकूर करताना मी ‘ओल्या गिलाव्यावरचं चित्र’ लिहिलं. ‘ताजं चित्र’ लिहिलं असतं तर पुन्हा फोन आला असता.

प्रतिशब्द शोधायची खोड या गावाला जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1931 मध्ये राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे भाषांतले पर्याय देणारा जाडजूड कोशच काढवला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. पण तो कचेरीचा. हळदीला त्याचा उपयोग नाही.

माणसांच्या बाबतीत ‘ताजा’ जवळजवळ कधीच चालत नाही. एका क्रीमच्या पाकिटावर मी ‘ताजा चेहरा’ लिहिलं होतं, खोडलं. वांग्याची जाहिरात वाटत होती. चेहरा तजेलदार, चहा प्यायल्यावर येते ती तरतरी, झोप झाल्यावर ताजंतवानं, आंघोळीनंतर प्रसन्न. नोकरीतला फ्रेशर तो नवखा. ‘फ्रेश एअर’ला ‘ताजी हवा’ म्हणणारे खूप आहेत, पण मला त्यात हिंदीचा वास येतो. कमाटीबागेत आम्ही मोकळी हवा खायला जातो. आणि पाहुण्यांना ‘फ्रेश होऊन या’ म्हणतात त्याला आजीचं वाक्य होतं, “हातपाय धुऊन घ्या, चहा टाकते.” अर्थात आता पाहुण्यांना बाथरूम दाखवायचं असतं आणि तसं म्हणायचं नसतं. त्या अडचणीत ‘फ्रेश’ फार कामाचा आहे, मीही वापरते.

ताजं कुठे बिनधास्त लिहावं? अन्न, भाजी, लोणी, बातमी, आठवण. जखम ताजीही चालते आणि ओलीही. फक्त ‘ओली’ म्हटलं की ती अजून दुखते.

ता. क. (हा ‘ताजा कलम’सुद्धा फारसीतून आलेला ताजाच.) ‘फ्रेश लाइम सोडा’ला हात लावू नका. मी त्याच मेनूकार्डावर ‘ताजा लिंबू सोडा’ केलं होतं. वेटर म्हणे आठवडाभर गिऱ्हाइकांना समजावत होता की हा आपला नेहमीचाच आहे.