जर्मनीतल्या खेडेगावांकडच्या गुहा बघण्यासारख्या आहेत का? आई-बाबा आणि लहान मुलगा बरोबर असताना कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या कामासाठी सहा महिने स्टुटगार्टला आहात, जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत, मुलगा आठ वर्षांचा आहे आणि आईंचे गुडघे दुखतात. शहरं आणि किल्ले बघून झाले, आता जमिनीखालचं काही दाखवायचंय.

जरूर दाखवा. तुम्ही राहताय तिथून गाडीने तास-सव्वा तासावर श्वेबिशे आल्ब नावाचं पठार आहे. मी त्याच्या पायथ्याशी सात वर्षं राहिलोय आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे घेऊन गेलोय. सगळा चुनखडक. ज्युरासिक काळात इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साठलेला हा गाळ. या पठारात दोन हजारांहून जास्त गुहांची नोंद आहे, पण तिकीट काढून आत जाता येतं अशा त्यातल्या मोजक्याच.

बाबांना आधीच सांगून ठेवा, ‘गुहा’ म्हटल्यावर वेरूळ-कार्ल्यासारखं काही दिसणार नाही. आपली लेणी माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरली. इथल्या गुहा पाण्याने विरघळवून केल्यात. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतो, किंचित आंबट होतो आणि चुनखडक खात खात खाली जातो. पुढे तेच पाणी थेंबाथेंबाने गळताना विरघळलेला चुना मागे ठेवतं, त्यातून छताला लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे खांब तयार होतात.

म्हणून माझा सल्ला असा, की यादीतल्या गुहा एकामागून एक उरकू नका. एक दिवस पाण्याचा माग काढत जा. वर पठारावरून निघायचं आणि तेच पाणी खाली जिथे बाहेर येतं तिथे संपवायचं.

पठारावर पोचलात की आधी नदी शोधा. सापडत नाही. पाऊस चांगला पडतो, कुरणं हिरवी असतात, मेंढ्या चरत असतात, पण ओढा कुठे दिसत नाही, कारण पडलेलं पाणी लगेच खाली निघून जातं. इथली गावं शेकडो वर्षं पावसाचं साठवलेलं पाणी वापरत होती. गावातल्या डबक्याला ‘ह्यूले’ म्हणतात. त्यातच गुरं पाणी प्यायची आणि दुष्काळात माणसांवरही तीच पाळी यायची, नाहीतर बैलगाडीने दरीतून पाणी आणायचं. १८७० मध्ये नळयोजनेचं काम सुरू झालं. खालच्या नदीच्या खोऱ्यातून पंपाने पाणी वर चढवलं आणि फेब्रुवारी १८७१ मध्ये यूस्टिंगेन या गावात ते पहिल्यांदा पोचलं. माझी आई सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातली. तिला हे सांगितलं तेव्हा ती गाडीतून उतरून त्या डबक्याच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. पुढच्या गुहांपेक्षा तिला ते डबकं जास्त लक्षात आहे.

मग लायशिंगेन. इथली टीफेनह्योले म्हणजे सरळ खाली उतरणारी गुहा. १८९२ मध्ये योहान गेओर्ग माक नावाच्या, वाळू काढणाऱ्या माणसाला ती सापडली. आज प्रवाशांना ५५ मीटर खोलीपर्यंत उतरता येतं, म्हणजे साधारण अठरा मजले. उतरायला लोखंडी जिने आहेत आणि बरेचसे इतके उभे, की शिडी म्हणणंच बरं. कठडा ओला आणि गार असतो, दोन मिनिटांत बोटं बधिर होतात. मध्ये एका जागी थांबून वर बघा: ज्या फटींमधून तुम्ही खाली आलात त्या पाण्याने उभ्या चिरलेल्या दिसतात आणि कडा हाताने घासल्यासारख्या गोल झालेल्या. आडव्या गुहेत पाणी कसं वाहिलं असेल याची कल्पना करावी लागते. इथे त्याची वाट तुम्ही स्वतः उतरत असता. माझ्या मते आल्बवरची ही सगळ्यात बोलकी गुहा आहे.

पण तुमच्या आईंसाठी ती नाही. हे मी ठामपणे सांगतोय, कारण पहिल्या वेळी मी माझ्या बाबांना ‘होईल हो’ म्हणत खाली नेलं आणि वर चढताना त्यांना प्रत्येक टप्प्यावर बसावं लागलं. त्या दिवशी मी घाबरलो होतो. तुम्ही आणि मुलगा उतरा, आई-बाबांना वर थांबू द्या. मुलाला पुढे सोडू नका, उतरताना तुम्ही खाली आणि तो तुमच्या वर.

तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत ब्लाउबॉयरेन येतं. लायशिंगेनच्या भागात मुरलेलं पाणी इथे ब्लाउटोप्फ नावाच्या झऱ्यातून वर येतं. नाव ‘निळा हंडा’ असं आहे आणि दिसतोही तसाच, साधारण २१ मीटर खोल, नरसाळ्याच्या आकाराचा. पाण्यातल्या चुन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो रंग. जुने लोक गोष्ट सांगायचे की रोज कुणीतरी पिंपभर शाई ओततं, ती तुमच्या मुलाला सांगा. मोठा पाऊस झाला की रंग मळतो, त्यामुळे शक्य असेल तर कोरडे चार दिवस बघून जा. सरासरी सेकंदाला दोन हजार लिटरच्या वर पाणी इथून बाहेर पडतं, त्याची ब्लाउ नदी होते आणि उल्मला डॅन्यूबला मिळते. झऱ्याच्या मागे डोंगरात पाण्याने भरलेली लांबच लांब गुहा आहे. योखेन हासेनमायर या पाणबुड्याने १९८५ मध्ये पोहत जाऊन आतलं मोठं कोरडं दालन शोधलं. आपल्याला आत जाता येत नाही, पण काठावरून सपाट पायवाट आहे आणि आईंना ती आरामात जमेल.

ब्लाउबॉयरेनमध्येच उर्मू हे आदिमानवाच्या काळाचं संग्रहालय आहे. ते चुकवू नका. जवळच शेल्कलिंगेनपाशी होले फेल्स ही गुहा आहे. तिथे २००८ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाच्या निकोलस कोनार्ड यांच्या चमूला मॅमथच्या सुळ्यात कोरलेली स्त्रीची मूर्ती सापडली. उंची जेमतेम सहा सेंटिमीटर, वय ३५ ते ४० हजार वर्षं. संग्रहालयात ती अंधाऱ्या खोलीत एकटी ठेवलीय. डोक्याच्या जागी कोरलेली छोटी कडी आहे, म्हणजे दोरीत ओवून ती कुणीतरी गळ्यात घालत असावं. काचेला नाक लावून बघितलं तर हातांवर एकेक बोट कोरलेलं दिसतं. त्याच गुहेत गिधाडाच्या हाडाची, पाच छिद्रांची बासरीही मिळाली. तशा हाडाच्या बासरीचा आवाज संग्रहालयात ऐकायला मिळतो. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी तो तीनदा ऐकला.

होले फेल्ससकट या भागातल्या सहा गुहा २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. होले फेल्सचं आतलं दालन खूप मोठं आहे, पण ती रोज उघडी नसते, म्हणून वार आणि वेळ आधी वेबसाइटवर बघा. गाडी नसेल तर उल्महून ब्लाउबॉयरेन आणि शेल्कलिंगेनला लोकल ट्रेन जाते. लायशिंगेनसाठी मात्र गाडी हवीच, रविवारच्या बसच्या भरवशावर आई-बाबांना घेऊन निघू नका.

दुसरा दिवस मिळाला तर तो आईंच्या गुडघ्यांसाठी ठेवा. झोनेनब्युलजवळची बेरेनह्योले, म्हणजे अस्वलांची गुहा, त्यांना झेपेल. तिचा पुढचा भाग १८३४ मध्ये एका शाळामास्तराला सापडला, हरवलेली तपकिरीची डबी शोधताना, असं सांगतात. मागचा भाग १९४९ मध्ये सापडला आणि तिथे गुहेतल्या अस्वलांची भरपूर हाडं निघाली. आता नामशेष झालेल्या त्या अस्वलाचा सांगाडाच आत उभा केलाय. शेजारी मुलांसाठी पाळण्यांची बाग आहे, मुलगा खूश. जवळची नेबेलह्योलेही मोठी आहे, पण पूर्वी मशाली घेऊन लोक जायचे, त्या काजळीने तिथले खांब काळवंडलेत.

आणि हायिंगेनजवळची विमसेनची गुहा. इथे होडीत बसून आत जायचं, साधारण ७० मीटर. छत इतकं खाली येतं की सगळ्यांनी वाकायचं असतं. पाणी एवढं स्वच्छ की होडी हवेत तरंगतेय असं वाटतं. चालणं जवळजवळ नाहीच. पाणी वाढलं असेल तर होडी बंद असते, निघण्यापूर्वी फोन करा.

कपड्यांचं सांगतो: बाहेर तीस डिग्री असलं तरी आत बाराही महिने आठ-दहाच असतं. आईंना स्वेटर आणि मोजे, सगळ्यांना घट्ट बुटं, चपला नकोत. खांबांना हात लावू नका. कातडीचं तेल लागलं की त्या जागी चुना धरत नाही. जून ठीक आहे, पण हिवाळ्यात कुणी यायचं म्हणालं तर बहुतेक गुहा बंद असतात, वटवाघळं आत झोपलेली असतात आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

इंटरनेटवर फाल्केनश्टाइनर ह्योले हे नावही दिसेल, फोटो सुंदर असतात. मुलाला घेऊन तिकडे जाऊ नका. तिथे दिवे नाहीत, रस्ता नाही, आत जिवंत ओढा आहे आणि आता परवानगीशिवाय जाता येत नाही. जुलै २०१९ मध्ये वर पाऊस झाला, आत पाणी भरलं आणि दोन जण रात्रभर अडकले. पाणबुड्यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. वर पठारावर पडलेला पाऊस खाली किती लवकर पोचतो, ते तुम्ही तोवर लायशिंगेनच्या जिन्यावर बघितलेलं असेल.