इंजिन ‘ओव्हरऑल’ केलं म्हणजे काय केलं?

प्रश्न : बाई, आमचा ट्रॅक्टर निळा धूर टाकायलाय. बेळगावच्या एका गॅरेजवाल्यानं कागदावर ‘इंजिन ओव्हरऑल’ एवढंच लिहून खाली एक आकडा टाकलाय. कॉलेजातला मुलगा म्हणतो, ओव्हरऑल म्हणजे ‘एकूण’, तो एकूण खर्च आहे, कामाचं नावच लिहिलेलं नाही. गॅरेजवाला म्हणतो, हेच कामाचं नाव. दुसरा एक मिस्त्री निम्म्या पैशात ‘नुसतं रिपेरी करून देतो’ म्हणतो. खरं कुणाचं धरायचं?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : मुलाचं इंग्रजी बरोबर आहे आणि गॅरेजवाल्यानं कामाचं नावही बरोबर सांगितलंय. मधल्या मधे एक ‘ह’ गळाला, एवढंच. शब्द आहे ‘ओव्हरहॉल’. शब्दाच्या पोटातला ‘ह’ आपल्या तोंडात टिकत नाही. पाहिजेचं पायजे होतं, नाहीचं नाय होतं, राहिलाचा रायला होतो. तसं ओव्हरहॉलचं ओव्हरॉल झालं, आणि पाटी रंगवणाऱ्यानं ते ‘शुद्ध’ करून ओव्हरऑल लिहिलं. इंग्रजीत ओव्हरऑल हा वेगळा शब्द आहेच, त्याचा अर्थ तुमचा मुलगा म्हणतो तो. त्याच्या शेवटी ‘एस’ लावला की मेकॅनिकचा अंगभर कपडा होतो, ज्याला आपण बॉयलर सूट म्हणतो. म्हणजे ओव्हरऑल्स घातलेला माणूस ओव्हरऑल खर्च सांगून इंजिन ओव्हरहॉल करतो, असं एका दमात म्हणता येईल. शाळेत मी हे वाक्य फळ्यावर लिहायचे. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

आता पैशाचं बोलू. पत्र तुम्ही त्यासाठीच लिहिलंय.

हा शब्द गॅरेजातला नव्हे, जहाजावरचा. ‘हॉल’ म्हणजे जोर लावून ओढणं. सतराव्या शतकात इंग्रज खलाशी कप्प्यांतून ओवलेला दोर उलट्या बाजूनं ओढून ढिला करायचे, त्याला ओव्हरहॉल म्हणायचे. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला त्याला ‘सगळं उलगडून नीट तपासणं’ हा अर्थ आला. दुरुस्तीचा अर्थ त्याच्या मागून चिकटला. म्हणून ओव्हरहॉलमध्ये आधी खोलणं येतं, मग तपासणं, आणि मग लागेल तेवढीच दुरुस्ती. रिपेअरचं उलटं. तिथं दुखणं कुठं आहे ते आधी ठाऊक असतं आणि हात तिथंच घालायचा असतो. पंपाचं सील गळतंय, सील बदललं, झालं रिपेअर. पंप पूर्ण सुटा केला, शाफ्ट, बेअरिंग, इंपेलर सगळं मोजलं, खराब निघालं ते बदललं आणि पंप पुन्हा बांधून चालवून पाहिला, तर ते ओव्हरहॉल. त्यात एकही पार्ट बदलावा लागला नाही तरी ते ओव्हरहॉलच.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत इंजिन बोअर करायचं, म्हणजे सिलिंडरचं झिजलेलं भोक कातून पुन्हा गोल करायचं, वर्कशॉप चालवायचे. शाळा सुटली की मी तिथं बिलं लिहायला बसायचे. त्यामुळे हा शब्द डिक्शनरीत बघण्याआधी मी रॉकेलच्या वासात ऐकला. इंजिन आलं की आधी खोलून रॉकेलमध्ये धुवायचे. मग वडील बोअर गेज सिलिंडरमध्ये सोडायचे आणि वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं, माप घ्यायचे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथून परत फिरते तिथं, दाब आणि उष्णता सगळ्यांत जास्त आणि ऑइल सगळ्यांत कमी, म्हणून झीज तिथं जास्त. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला बाजूला रेटतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग, मायक्रोमीटरनं, रिंगची फट फीलर गेजनं. आकडे पाटीवर लिहून झाल्याशिवाय वडील कुणालाही खर्च सांगायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी त्यांचं उत्तर एकच, ‘खोलू दे की आधी.’ इंग्रजीतल्या या क्रियापदाची याहून चांगली व्याख्या मला पुढं कुठल्याही कोशात मिळाली नाही.

तुमच्या ट्रॅक्टरचा निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. डिझेल जास्त किंवा हवा कमी असती तर धूर काळा आला असता. ऑइल रिंगांच्या बाजूनं वर चढत असेल किंवा व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या गाइडमधून खाली उतरत असेल. यातलं कोणतं, हे बाहेरून छातीठोक सांगता येत नाही. कॉम्प्रेशन गेज लावला तर अंदाज येतो. दोष फक्त हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, निघाला तर ब्लॉक न उतरवता हेडचंच काम होतं, व्हॉल्व्ह घासून, गाइड बदलून. इंग्रजीत त्याला ‘टॉप ओव्हरहॉल’ म्हणतात. रिंगा-पिस्टन, लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) यांपर्यंत गेलं की आपल्याकडचे मिस्त्री ‘हाफ इंजिन’ म्हणतात आणि क्रँक खाली उतरला की ‘फुल इंजिन’. इंग्लंडच्या माणसासमोर हाफ इंजिन म्हणाल तर तो अर्धं इंजिन कुठं गेलं म्हणून शोधेल, पण बेळगावात त्या दोन शब्दांत ओव्हरऑलपेक्षा जास्त माहिती असते.

तेव्हा गॅरेजवाल्याला स्पेलिंग शिकवत बसू नका. हाफ की फुल, हे विचारा. बोअर करायचा की लायनर बदलायचा, पिस्टन कोणत्या ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा घालणार, 0.25 की 0.50 मिलिमीटर, तेही विचारा. इंजिन न खोलता तो हे सगळं ठामपणे सांगायला लागला, तर ते ओव्हरहॉल नव्हे, अंदाज आहे. आणि निम्म्या पैशातल्या मिस्त्रीलाही तेच विचारायचं : रिपेरी कशाची? त्यानं कॉम्प्रेशन बघून ‘गाइडं गेल्यात’ असं नेमकं सांगितलं तर माझं मत त्याच्याकडे जाईल. नुसत्या रिंगा टाकून देतो म्हणाला आणि बोअर लंबगोल झालेला असला, तर नव्या रिंगांनाही तो धूर थांबवता येणार नाही.

विमानाच्या धंद्यात हा शब्द असा सैल सोडलेला नाही. अमेरिकेच्या विमान-देखभाल नियमांत स्पष्ट लिहिलंय की एखादा भाग सुटा केला, साफ केला, तपासला, गरजेप्रमाणे दुरुस्त केला, पुन्हा जोडला आणि त्याची चाचणी घेतली, तरच नोंदवहीत ‘ओव्हरहॉल्ड’ असं लिहायचं. ‘रीबिल्ट’ म्हणायचं तर मापं नव्या भागाला लागतात तीच भरली पाहिजेत. हत्तरगीच्या सेझमध्ये विमानांचे सुटे भाग तयार होतात. तिथं कामाला जाणारी आपली मुलं एम.आर.ओ. ही अक्षरं ऐकत असतील : मेंटेनन्स, रिपेअर, ओव्हरहॉल. तीन वेगळी कामं आहेत म्हणून तीन अक्षरं.

प्रश्न : कोहलीनं वानखेडेवर पन्नासावं शतक केलं तेव्हा एका इंग्रजी पेपरात त्यानं सचिनचा आकडा ‘ओव्हरहॉल’ केला असं वाचलं. सचिनच्या आकड्याची दुरुस्ती कशी काय?
— एक क्रिकेटवेडा, शहापूर, बेळगाव

उत्तर : दुरुस्ती नव्हे, मागं टाकणं. हाही जहाजावरचाच अर्थ. पुढच्या जहाजाला हळूहळू गाठून मागं टाकलं की खलाशी त्यालाही ओव्हरहॉल म्हणायचे. 15 नोव्हेंबर 2023 ला न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोहली सचिनच्या 49 एकदिवसीय शतकांच्या पुढं गेला, तिथं हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात पाठलाग आहे. धावांचं लक्ष्यही असंच ओव्हरहॉल होतं. पण रस्त्यावर बसनं रिक्षा ओलांडली तर ‘ओव्हरटेक’ म्हणा. तिथं ओव्हरहॉल म्हटलंत तर रिक्षावाला खूश होईल.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात गाळप हंगाम संपला की नोटीस लागते, ‘ओव्हरहॉलिंग सुरू’. नवीन आलेले इंजिनिअर साहेब म्हणतात हे इंग्रजी चुकीचं आहे. चुकीचं आहे काय?
— एक फिटर, संकेश्वर

उत्तर : चुकीचं नाही. ‘द मिल नीड्स ओव्हरहॉलिंग’ हे शुद्ध इंग्रजी आहे. काम झाल्यावर मात्र इंग्रज ‘ओव्हरहॉलिंग वॉज डन’ म्हणत नाही. तो ‘द मिल वॉज ओव्हरहॉल्ड’ किंवा ‘द मिल हॅड अॅन ओव्हरहॉल’ म्हणतो. साहेबांच्या मनात बहुतेक हे असावं. उच्चारही सांगून ठेवते : नाम असताना जोर ‘ओव्हर’वर, क्रियापद असताना ‘हॉल’वर. आणि तुमच्याकडे तर हा शब्द अगदी मुळातल्या अर्थानं चालतो. उसाचे रोलर उतरवायचे, त्यांच्या खाचा तपासायच्या, बॉयलरच्या नळ्या बघायच्या, टर्बाइन उघडायची. हंगामात मध्येच साखळी तुटली आणि धावपळ करून जोडली, तर ते ब्रेकडाउन रिपेअर.

प्रश्न : लोंढ्याला गाडीची वाट बघताना डब्याच्या टोकाला ‘पी.ओ.एच.’ आणि तारीख लिहिलेली दिसते. ते काय?
— एक प्रवासी

उत्तर : पीरिऑडिक ओव्हरहॉल. ठरलेल्या मुदतीनं डबा रेल्वेच्या वर्कशॉपला जातो. आपल्या बाजूला ते हुबळीला आहे, सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून. डब्याखालच्या बोगी सोडवतात, चाकं, ब्रेक, स्प्रिंगा तपासतात, आणि बाहेर पडताना तारीख रंगवतात. शेजारी दुसरी तारीख असते ती डब्यानं परत कधी यायचं त्याची. डबा चांगला पळत असला तरी त्या तारखेला जावंच लागतं. बिघाडाची वाट बघितली तर ते पीरिऑडिक कसलं!

प्रश्न : मी भाषांतराची कामं घेते. ‘टॅक्स सिस्टिमचा ओव्हरहॉल’ याला मराठीत काय लिहू? ‘नूतनीकरण’ लिहिलं तर संपादकांनी खोडलं.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बरं केलं खोडलं. नूतनीकरण लायसनचं होतं. पद्धत, कायदा, अभ्यासक्रम यांच्यासाठी आपल्याकडे ‘आमूलाग्र’ हा नेमका शब्द तयार आहे, मुळापासून शेंड्यापर्यंत. 1 जुलै 2017 ला जी.एस.टी. आला तेव्हा अप्रत्यक्ष करांची रचना आमूलाग्र बदलली, असं लिहिलं की ओव्हरहॉल त्यात आला. एखाद्या कराचा दर दोन टक्क्यांनी खाली आणला तर ती नुसती दुरुस्ती, तिथं आमूलाग्र लिहू नका, पेपरवाले लिहितात तरी. यंत्राच्या बाबतीत ‘पूर्ण खोलून दुरुस्ती’ असं सरळ लिहावं. निपाणीत तुम्हाला कन्नडचीही सोय आहे. तिकडेही ‘दुरस्ती’ आणि ‘रिपेरी’ हेच शब्द चालतात, त्यामुळे दोन्ही लिपींतली पाटी तुम्ही एका कानानं वाचू शकता.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘माय फादर’ या निबंधात मी ‘ही ओव्हरहॉल्स बायसिकल्स’ असं लिहिलं. सरांनी लाल रेघ मारून ‘रिपेअर्स’ केलं. मेंड, फिक्स यांतलं काय लिहायला हवं होतं?
— एक विद्यार्थिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : बाळ, मेंड हे फाटलेल्या-मोडलेल्या साध्या वस्तूंना, कपड्यांना जास्त शोभतं. फिक्स हे रोजच्या बोलण्यातलं, त्यात अमेरिकन वळण आहे. आपण मराठीत ‘लग्न फिक्स झालं’ म्हणतो तो त्याचा जुना, घट्ट बसवण्याचा अर्थ. निबंधात दोन्ही नकोत.

राहिला सरांचा आणि तुझा वाद. त्याचा निकाल तुझे बाबा दुकानात काय करतात त्यावर. पंक्चर काढतात, ब्रेकची वायर बदलतात, चाकाचा आऊट काढतात, ते सगळं रिपेअर. पण कुणी जुनी सायकल आणून टाकली, बाबांनी दोन्ही चाकांचे हब, पेडलचा एक्सल, हँडलचा कप सगळं सोडवलं, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, झिजलेले बदलले, नवं ग्रीस भरून सायकल पुन्हा बांधली, तर इंग्रजीतही ते ओव्हरहॉलच, आणि तू लिहिलंस ते बरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या छोट्या दुकानापासून, हे निबंधात घातलंस तर सरांना आवडेल. तुझ्या वाक्यात थोडी भर घालते : ‘माय फादर रिपेअर्स बायसिकल्स अँड ओव्हरहॉल्स ओल्ड वन्स.’ हे वहीत लिहून सरांना दाखव. त्यांनी पुन्हा रेघ मारली तर बाबांना विचारून एक सायकल सुटी केलेली असताना सरांना दुकानात बोलाव.