ल्यूबार्स: हद्द शहराची, गावठाण गावाचं

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे बर्लिनला आला होतात, सहज म्हणून 222 नंबरच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्याला उतरलात, तर समोर दगडी गोट्यांचा रस्ता, चर्च आणि घोड्याच्या लिदीचा वास. हे बर्लिन की बर्लिनबाहेरचं खेडं? दोन्ही. हे ल्यूबार्स. मी महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

कागदोपत्री या गावाचा पहिला उल्लेख 1247 चा. तेव्हा ते श्पांडाऊच्या ख्रिस्ती साध्वींच्या मठाच्या मालकीचं होतं. तुम्ही उतरलात त्या जागेला जर्मनीत 'आंगर' म्हणतात: मधोमध लांबट सामाईक हिरवळ, तिच्यात चर्च, आणि दोन्ही अंगांना शेतकऱ्यांचे वाडे. एखादं फाटक उघडं असेल तर हळूच डोकावून बघा. आत फरसबंद चौक, बाजूला तबेला, मागे गवताचं कोठार, त्याच्या पलीकडे शेतं. चर्च 1793 चं आहे. आधीचं आगीत गेलं.

आता हद्दवाढीचं. 27 एप्रिल 1920 ला प्रशियाच्या विधिमंडळात बृहद्बर्लिनचा कायदा 164 विरुद्ध 148 मतांनी कसाबसा पास झाला. 1 ऑक्टोबरपासून बर्लिनमध्ये आणखी 7 शहरं, 59 ग्रामपंचायती आणि 27 जहागिरी आल्या. 66 चौरस किलोमीटरचं शहर एका रात्रीत 878 चं झालं. त्या 59 मधलं एक ल्यूबार्स.

पण गाव हद्दीत आलं म्हणून संपतं, असं काही नाही. शोनेबर्ग बघा, तेही एके काळी बर्लिनबाहेरचं गावच. तिथल्या शेतकऱ्यांनी 1870 नंतर बटाट्याची वावरं बिल्डरांना विकली आणि रातोरात गब्बर झाले; लोक त्यांना 'लक्षाधीश शेतकरी' म्हणायचे. तिथे कायदा यायच्या कितीतरी आधी गाव उठलेलं होतं. ल्यूबार्सला कायदा आला आणि गाव बसूनच राहिलं.

का? माझ्या मते तीन अडचणी गावाच्या पथ्यावर पडल्या. 1877 ची उत्तरेकडची रेल्वे गावठाणाजवळून न जाता शिवाराच्या पश्चिम टोकाला गेली. त्यामुळे शहरवाल्यांचे बंगले तिकडे उठले. तेच आजचं वाइडमान्सलुस्ट, 1920 पर्यंत ल्यूबार्सच्याच पंचायतीत होतं. दुसरी अडचण टेगेलर फ्लीस हा ओढा. त्याच्या काठच्या दलदलीत घर बांधणार कोण? तिसरी म्हणजे 1961 ची भिंत. गाव पश्चिम बर्लिनच्या अगदी कडेला, पलीकडे पूर्व जर्मनी. रस्ता भिंतीशी जाऊन थांबायचा, म्हणजे वाहतूक नाही आणि त्यामुळे जमिनीला उठावही नाही. उलट चारी बाजूंनी कोंडलेल्या पश्चिम बर्लिनकरांना रविवारी गायीगुरं बघायला जी मोजकी गावं उरली होती, त्यातलं हे एक.

त्याच काळात, 1963 पासून, दक्षिणेला हाकेच्या अंतरावर मेर्किशेस फिर्टेल ही जवळपास 17 हजार फ्लॅटांची वसाहत उभी राहिली. शेताच्या बांधावर उभं राहिलं की एका नजरेत ओटचं पीक आणि त्यामागे टॉवरांची रांग. मधली टेकडीही नैसर्गिक नाही, शहराच्या कचऱ्याची आहे. गावकऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो, मला मात्र तो देखावा चर्चपेक्षा जास्त आवडतो.

भिंतीचा शेवटही इथे शेतकरी पद्धतीने झाला. 1990 च्या जूनमध्ये गावातल्या एकाने ट्रॅक्टर घालून पलीकडच्या ब्लांकेनफेल्डे गावाकडची वाट मोकळी केली. सरकारी माणसांची वाट बघत बसला नाही.

आज शेतीपेक्षा शहरवाल्यांचे घोडे सांभाळायचा धंदा मोठा. वाडे टिकलेत ते बरेचसे त्याच पैशावर. हे काहींना खटकतं, मला नाही. घोड्याला चारा लागतो आणि चाऱ्याला जमीन.

एक खूण सांगतो, मुलालाही सांगा. बर्लिनमध्ये रस्त्याच्या नावाआधी 'आल्ट', म्हणजे जुना, दिसलं की बहुतेक वेळा ते एखाद्या गिळलेल्या गावाचं गावठाण असतं: आल्ट-टेगेल, आल्ट-मारिएनडॉर्फ, आल्ट-टेम्पेलहोफ. तुमचा थांबाही आल्ट-ल्यूबार्सच होता. पुढच्या खेपेला तिथून खाली ओढ्यापर्यंत उतरा. पाऊस झाला असेल तर जुने बूट घाला.