मुलांच्या केकमध्ये रंग कोणता घालावा, नैसर्गिक की कृत्रिम?

तुम्ही विचारलंय की मुलगी चार वर्षांची होतेय, तिला गुलाबी केक हवाय. केकवाली म्हणते फूड कलर घालते, काही होत नाही. नणंद म्हणते तो विषारी, बीट नाहीतर हळद घाला. ऐकायचं कोणाचं?

मी इंदूरला राहते, घरून केक आणि मिठाईच्या ऑर्डरी घेते. त्याआधी नऊ वर्षं एका मसाल्याच्या कारखान्यात मालाच्या तपासणीला होते. मला दोघींचंही अर्धं अर्धं पटतं. पण दोघींनी एक गोष्ट विचारलीच नाही: रंगाचं नाव काय, आणि घालणार किती?

आधी नावाचं सांगते. आपल्याकडे मिठाईत आणि केकमध्ये चालणाऱ्या कृत्रिम रंगांची यादी आठांची आहे. पिवळ्या-केशरीत टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. लाल-गुलाबीत कार्मोइसिन, पॉन्सो फोर आर आणि एरिथ्रोसिन. निळ्यात ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन. हिरव्यात फास्ट ग्रीन. डबीवर नाव नसेल तर नंबर असतो. वर सांगितलेल्याच क्रमाने १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३३, १३२, १४३. दुकानदार राणी, केशरी, पिस्ता म्हणतात ती साडीची नावं झाली, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही.

खरी भीती वाटावी असे रंग या यादीत नाहीतच. ऱ्होडामाइन बी हा झगझगीत राणी रंग कापडाचा, अगरबत्तीचा. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने बुढ्ढी के बाल विकायला बंदी केली ती ह्याच्यापायी. दुसरा मेटॅनिल यलो, तो हळदीत, डाळीत, लाडवात सापडतो. मागे एकदा रंगपंचमीच्या आठवड्यात मी बाजारात गेले होते. दुकानात एका अंगाला गेरीसाठी, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, गुलालाची पोती, दुसऱ्या अंगाला खायच्या रंगाच्या डब्या, आणि मधे तराजूपाशी बिननावाच्या राणी रंगाच्या पुड्या. विचारलं, "भिया, ये खाने का है क्या?" मान वर न करता उत्तर आलं, "दीदी, सब खाने का ही है." मी गुलालाचं एक पाकीट घेतलं आणि निघाले.

कारखान्यात रंग ओळखायची एक जुनी रीत होती. पांढऱ्या लोकरीचा धागा आधी धुऊन, त्यातला तेलकटपणा काढून ठेवायचा. पदार्थाचा अर्क जरा आंबट करून त्यात तो उकळायचा. हे खायचे कृत्रिम रंग लोकरीला घट्ट धरतात, नळाखाली धरलं तरी सुटत नाहीत. मग अमोनियाच्या पाण्यात धागा उकळला की रंग सोडतो. ते पाणी पुन्हा आंबट करून नवा धागा टाकला की तोही रंगतो. दुसरा धागा रंगला की समजायचं, रंग कृत्रिम आहे. हळद-बिटाला हे जमत नाही. एका शनिवारी ऑफिसात आलेल्या पोहे-जिलेबीतली जिलेबी आम्ही पोरींनी ह्या कामाला लावली. दुसरा धागा पिवळाधमक निघाला. पुढे कागदावर ठिपका देऊन रंग वेगळे केले तर एक टार्ट्राझिन, दुसरा सनसेट यलो. दोन्ही यादीतले. कोणीतरी म्हणालं, म्हणजे जिलेबी पास! पण धाग्याने आणि कागदाने फक्त नाव सांगितलं होतं, किती ते सांगितलं नव्हतं.

बहुतेक मिठाई आणि केकमध्ये कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला १०० मिलिग्राम आहे. म्हणजे एका ग्रामचा दहावा भाग, तोही अख्ख्या किलोत. माझा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रामच्या खाली काही दाखवतच नाही, आणि हलवाई तर चिमटीने टाकतात. एका चिमटीत सहज दोनतीनशे मिलिग्राम बसतात. म्हणून मी पावडर थेट कधीच घालत नाही. १ ग्राम पावडर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवते. ते पाणी १० मिलिलिटर घेतलं की १०० मिलिग्राम होतात, म्हणजे किलोभर क्रीमला तेवढंच, आणि हलका गुलाबी हवा असेल तर ३-४ मिलिलिटर पुरतात. बाजारच्या पावडरीत बहुधा मीठ किंवा साखर मिसळलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात रंग आणखी कमीच जातो. तुमच्या केकवालीला विचारा, रंग मोजता कसा? ती हसली तर दुसरी शोधा.

आता एरिथ्रोसिन, म्हणजे १२७. केकवरची लाल चेरी आठवा. ती बहुतेकदा चेरी नसतेच, साखरेत मुरवलेलं करवंद असतं. तिला हा रंग देतात कारण तो क्रीममध्ये उतरत नाही. ह्या रंगाची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्राम आहे. तुमची मुलगी १५ किलोची धरली तर दिवसाला १.५ मिलिग्राम. किलोला १०० मिलिग्राम ह्या हिशेबाने पाच ग्रामच्या एका चेरीत अर्धा मिलिग्राम, म्हणजे तीन चेऱ्यांत कोटा संपला. टार्ट्राझिनचा हाच हिशेब केला तर किलोभराहून जास्त मिठाई खावी लागते, म्हणून सगळे कृत्रिम रंग एका मापाने मोजू नका. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिली. कारण होतं मोठ्या मात्रेत नर उंदरांना झालेल्या थायरॉइडच्या गाठी. माणसात ते तसं घडत नाही असं तिथल्या खात्याने त्याच निर्णयात म्हटलंय, पण प्राण्यांत कर्करोग दिसला की परवानगी नाही असा तिथला कायदाच आहे. अर्थात रोजची मर्यादा ही जन्मभर रोज खाल्लं तर असं धरून काढलेली असते. वाढदिवसाला चार चेऱ्या खाल्ल्या म्हणून दवाखान्यात पळू नका.

मुलं रंगाने चंचल होतात का, हेही बरेच जण विचारतात. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने मुलांना रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट घातलेलं सरबत देऊन पाहिलं. परिणाम दिसला, पण लहान होता, आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. त्यानंतर २०१० पासून युरोपात, त्या प्रयोगातल्या सहा रंगांपैकी कुठलाही घातला असेल तर पदार्थाच्या पाकिटावर मुलांबद्दलची सूचना छापावी लागते. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो हे चार आपल्या आठांत आहेत. थोड्या लोकांना टार्ट्राझिनने पित्त उठतं, दम्याच्या रुग्णांनाही क्वचित त्रास होतो. तुमच्या मुलीला असं काही असेल तर पुढचं वाचायचं कारणच नाही, रंग नको.

आता नणंदेकडे वळू. हळदीवर माझी नऊ वर्षं गेली, त्यामुळे 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून मी लगेच निश्चिंत होत नाही. एकदा एका व्यापाऱ्याकडून हळकुंडं आली होती, इतकी देखणी की आमचे साहेब खूश. मी चमचाभर पूड परीक्षानळीत घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. शुद्ध हळदही आम्लाने गुलाबी होते, पण पाणी घातलं की तो गुलाबी जातो. ही जांभळट गुलाबी झाली आणि पाणी ओतलं तरी तशीच राहिली. मेटॅनिल यलो. गाडी परत गेली, साहेब दोन दिवस बोलले नाहीत. खरं म्हणजे दळलेल्या मसाल्यात कुठलाच रंग घालायची परवानगी नाही, यादीतलाही नाही. आणि ह्याहून वाईट लेड क्रोमेट. हळकुंडाला पिवळी चमक यावी म्हणून तो चोळतात. बांगलादेशातल्या हळदीत तो सापडल्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. मोजून घातलेल्या टार्ट्राझिनपेक्षा असल्या हळदीची मला शंभरपट भीती वाटते. घरची किंवा ओळखीच्या गिरणीतली हळद असेल तर गोष्ट वेगळी.

तीही केकमध्ये घालताना जपून. माझी पहिलीच 'केमिकलविरहित' ऑर्डर पिवळ्या स्पंजची होती. हळद आणि सोडा एकाच पिठात. ओव्हनमधून काढला तर केकभर लालसर डाग, जणू कोणी पान खाऊन थुंकलंय. हळदीला खाराचा स्पर्श झाला की ती लाल होते, हे मी शाळेत हळदीच्या कागदावर शिकले होते आणि तरी विसरले. बेकिंग पावडरमध्ये आम्लही असतं, तिने सहसा असं होत नाही. बिटाचं उलटं, त्याला ओव्हनची उष्णता सोसत नाही. स्पंजमध्ये घातलं तर भाजताना तपकिरी पडतं.

'नैसर्गिक लाल' लिहिलेल्या तयार बाटलीवर नंबर बघा. १६२ म्हणजे बीट. १२० म्हणजे कार्माइन, ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. नैसर्गिक आहे खरं, पण शाकाहारी घरात चालायचं नाही, आणि काहींना त्याची ॲलर्जीही येते.

मी तुमच्या जागी असते तर स्पंज पांढराच ठेवला असता, गुलाबी फक्त वरच्या क्रीमला. एक मध्यम बीट किसून पिळायचं, रस मंद आचेवर अर्धा होईपर्यंत आटवायचा, पूर्ण गार करायचा आणि फेटलेल्या क्रीममध्ये चमच्याने थोडा थोडा घालायचा. दोन चमच्यांवर गेलात तर क्रीम सैल पडते आणि मातकट वासही येतो. रंग फिका, धूसर गुलाबी येईल, बाहुलीच्या फ्रॉकसारखा झगझगीत येणार नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शू गुलाबी दिसली तर घाबरू नका, ते बीटच असतं. माझ्या भाच्याच्या वेळी वहिनीने मला पहाटे साडेपाचला फोन केला होता.