५ अँपिअरच्या मोटरचा करंट ०-५ व्होल्टच्या डेटा लॉगरवर नोंदवायचा आहे, न्यूट्रलमध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर टाकू का?

नका टाकू. तुमचं गणित चुकलेलं नाही, ५ अँपिअरला त्या रेझिस्टरवर ०.५ व्होल्ट मिळेल. पण मग लॉगर थेट २३० व्होल्टच्या लाइनला जोडला जातो. बहुतेक लॉगरचा ग्राउंड यूएसबीमधून लॅपटॉपला आणि चार्जरमार्फत अनेकदा अर्थिंगला जातो. प्लग उलटा बसला किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटला, की ज्या वायरला तुम्ही सुरक्षित समजताय तिच्यावर फेज येतो. त्या वेळी तुमचा हात लॅपटॉपवर असेल.

मी एकदा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हीच चूक केली. शंट, म्हणजे करंट मोजायचा असाच छोटा रेझिस्टर, प्लसच्या वायरमध्ये होता आणि दुसऱ्या चॅनेलचं मायनस बॅटरीच्या मायनसला. दोन्ही चॅनेलची मायनस टोकं लॉगरच्या आत एकच होती, त्यामुळे बॅटरी लॉगरमधूनच शॉर्ट झाली आणि बोर्डावरचा ट्रॅक जळाला. तिथे २३० व्होल्ट असते तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

तुम्ही उघडणारा क्लॅम्प सीटी (वायरभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर) घ्या. त्याला वायर कापावी लागत नाही आणि लाइनशी विद्युत संपर्कही येत नाही. मेन स्विच बंद करून, इन्सुलेशन शाबूत असलेल्या फक्त फेजच्या वायरवर तो बसवा. अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात आणि रीडिंग शून्याजवळ येतं.

साध्या सीटीची सेकंडरी, म्हणजे आउटपुटची वायर, करंट चालू असताना कधीच उघडी ठेवू नका, टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होतं. आधी त्या टोकांमध्ये बर्डन रेझिस्टर जोडा, मग क्लॅम्प लावा.

शिवाय सीटीचं आउटपुट एसी असतं. सेकंदाला एकच रीडिंग घेणारा लॉगर ५० हर्ट्झच्या लाटेतला कुठलाही बिंदू उचलेल, म्हणून एसी करंटचं प्रभावी (आरएमएस) मूल्य मोजून ०-५ व्होल्ट डीसी देणारा आरएमएस ट्रान्सड्यूसर घ्या. ४-२० मिलिअँपिअरचा मिळाला तर इनपुटवर २५० ओहम लावा, १ ते ५ व्होल्ट मिळतील. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. तो झटकाही पकडायचा असेल तर रेंज तेवढी मोठी हवी आणि ट्रान्सड्यूसरचा प्रतिसादही जलद हवा.